नोकरी देणारा आधी पैसे का मागतो?

आजचा विषय आहे नोकरी शोधताना होणारी फसवणूक. आपण देवनारमध्ये बसून बोलतोय. इथून गोवंडी स्टेशनला जाऊन हार्बरच्या गाडीत चढलात, की डब्याच्या भिंतीवर चिकटवलेले कागद दिसतात. 'घरबसल्या कमवा', 'एअरपोर्टवर त्वरित भरती', आणि खाली फक्त एक मोबाइल नंबर. तेच कागद आता व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर येतात.

एखादा फसला, की आपण पटकन म्हणतो, 'लोभ नडला.' आम्हाला हे पटत नाही. महिन्याला पंधरा-अठरा हजारांची नोकरी मागणं याला लोभ म्हणत नाहीत, ती गरज आहे. शिवाय कामासाठी कुणाला तरी काहीतरी द्यावं लागतं, ही समजूत मुंबईत फार जुनी आहे. गिरण्यांचा काळ आठवा. भरती जॉबरच्या हातात असे आणि काम मिळवायला, टिकवायला त्याला दस्तुरी द्यावी लागे. 1931 साली रॉयल कमिशनचा कामगारांवरचा अहवाल आला, त्यातही या लाचखोरीची नोंद आहे. तो अन्यायच होता. पण तेव्हा निदान गिरणी जागेवर उभी असे, भोंगा ऐकू येई. आज पैसे घेणारा आहे, गिरणीच नाही!

आता हे लोक काम कसं करतात ते बघू. आधी फॉर्मचे पाचशे मागतात. मग ओळखपत्राचे, मग मेडिकलचे, मग ट्रेनिंगचं डिपॉझिट. रक्कम हळूहळू वाढते. माणूस विचार करतो, 'एवढे गेलेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं?' इथेच तो अडकतो. म्हणून आधी गेलेले पैसे हिशेबात धरूच नका. आत्ता मागितलेली रक्कम पहिल्यांदाच मागितली असती तर दिली असती का, एवढंच स्वतःला विचारा.

दुसरा प्रकार उलटा आहे. इथे पैसे आधी तेच देतात. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि खात्यात खरोखर शे-दोनशे येतात. विश्वास बसला, की 'प्रीपेड टास्क' सुरू होतं. तुम्ही भरता, स्क्रीनवर आकडा फुगतो. काढायला गेलात, की आधी 'टॅक्स' भरा म्हणतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा पार्टटाइम कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाने लुबाडणाऱ्या 100 हून अधिक वेबसाइट बंद केल्या. नवीन उघडतच राहतात, म्हणून ओळखायला आपणच शिकायचं.

तिसरा प्रकार कामासारखा दिसतच नाही. 'तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन घ्या.' त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले पैसे फिरतात, आणि पोलीस दार वाजवतात ते तुमचं.

परदेशातल्या नोकरीत तर जिवाशी गाठ असते. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमध्ये अडकलेल्या 60 हून अधिक भारतीयांची सुटका केली. चांगल्या पगाराचं आमिष, पर्यटक व्हिसावर थायलंड, तिथून सीमेपलीकडे, आणि मग लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम जबरदस्तीने. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. आणि पर्यटक व्हिसावर नोकरीला कधीच जाऊ नका.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? एक खूण पुरते. नोकरीत पैसा मालकाकडून कामगाराकडे येतो. तो उलटा वाहायला लागला, की थांबायचं. नाक्यावरचा मुकादमसुद्धा आपला हिस्सा मजुरीतून कापतो, म्हणजे काम झाल्यावर. काम दाखवायच्या आधीच जो मागतो, त्याच्याकडे बहुधा काम नसतंच.

ऑफर लेटर आलं, तर त्यावरच्या नंबरला फोन करू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा, तिथल्या नंबरवर विचारा, जमलं तर ऑफिसात जाऊन या. ओटीपी कुणालाही देऊ नका. आणि 'माझ्या मेहुण्याने सांगितलं' म्हणून विश्वास टाकण्याआधी मेहुण्याला विचारा, 'तुला पहिला पगार मिळाला का?' पुष्कळदा तो स्वतःच अजून वाट बघत असतो.

एवढं करूनही पैसे गेले तर? ताबडतोब 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. लुटलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर फिरतात. वेळेत कळवलं, तर बँक ते वाटेत अडवू शकते. व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. तुमच्या हद्दीत गुन्हा घडला नसला, तरी पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.

आणि घरात मुलाने किंवा सुनेने 'माझे पैसे गेले' असं सांगितलं, तर आधी ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस दोन दिवस गप्प राहतो आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. आधी 1930 लावून द्या. बोलायचं ते मग बोला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.