मोबाइल-संपादन, भाग ६ : आवाज एकाचा, चित्र दुसरे

पेणच्या गणपती कारखान्यातला मूर्तिकार कॅमेऱ्यासमोर बसून शाडूच्या मातीविषयी सांगत असतो. त्याचे वाक्य अर्ध्यावर असताना पडद्यावर माती मळणारे हात दिसू लागतात, आवाज मात्र त्याचाच चालू राहतो. मूर्तिकाराचा चेहरा हा ‘ए-रोल’ आणि ते हात हा ‘बी-रोल’. मराठीत याला पूरक चित्रण म्हणता येते.

रोल म्हणजे फिल्मचे रीळ. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट इतकी लहान असे की दोन तुकडे जोडले की त्यांचा सांधा छापील प्रतीत उमटून पडद्यावर दिसे. म्हणून पहिले दृश्य एका रिळावर, दुसरे दुसऱ्या रिळावर, तिसरे पुन्हा पहिल्यावर अशी आलटून-पालटून मांडणी करत आणि मधल्या जागेत काळी फिल्म भरत. दोन्ही रिळे एकाच कोऱ्या फिल्मवर एकामागून एक छापली की सांधे नाहीसे होत. फिल्मवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीच्या बातम्यांतही हीच जोडी होती : एका रिळावर आवाजासह बोलणारा माणूस, दुसऱ्यावर घटनास्थळाची दृश्ये. रिळे गेली, पण मोबाइलच्या ॲपमधली खालची पट्टी आणि तिच्यावरचा लेयर ही तीच दोन रिळे आहेत.

पूरक दृश्याचा सर्वांत परिचित उपयोग कापाकापी झाकण्याचा. बारा मिनिटांचे बोलणे तीन मिनिटांवर आणले की जिथे जिथे कापले तिथे चेहरा झटक्याने हलतो, मान एकदम दुसरीकडे वळलेली दिसते. हा जंप कट. त्यावर हातांचे दृश्य टाकले की वाक्य सलग वाटते. उपयोग खरा आहे, पण पूरक दृश्याला तेवढ्याच कामावर ठेवणे म्हणजे त्याचा अपमान आहे. चित्र आवाजाला स्वतःचा अर्थ देते. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी १९२०च्या आसपास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला. पाहणाऱ्यांना एकदा त्यावर भूक दिसली, एकदा शोक.

म्हणूनच चुकीचे पूरक दृश्य केवळ कंटाळवाणे नसते, ते खोटे असते. मूर्तिकार शाडूबद्दल सांगत आहे आणि वर साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतल्याचे दृश्य आले, तर पेणचा कोणीही माणूस ते तत्काळ ओळखेल आणि इतरांची फसवणूक होईल. शाडू पाण्यात विरघळतो, प्लास्टर विरघळत नाही. सांगणाऱ्याचा सगळा मुद्दाच तिथे बुडतो. दृश्य कितीही सुंदर असो, ते त्याच वस्तूचे आणि त्याच जागेचे असावे.

त्यामुळे पूरक दृश्यांचे निम्मे काम ॲप उघडण्याआधीच होते. मुलाखत आधी घ्यावी, कारण काय टिपायचे ते बोलण्यातूनच कळते. मग प्रत्येक दृश्य मोबाइल न हलवता निदान दहा सेकंद धरावे. त्यातले वापरायला तीन-चारच मिळतात, पण हात स्थिरावण्याआधीचा आणि नंतरचा भाग कापायला जागा लागते. एकाच क्रियेची लांबची, मधली आणि अगदी जवळची अशी तीन दृश्ये घेतली की संपादनात अडत नाही. डोळ्यांची आखणी हे उदाहरण घ्यावे. लांबून दिसतात अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा आणि त्यांत वाकलेला एक माणूस. मधल्या अंतरावरून दिसतो त्याचा डावा हात, उजव्या मनगटाला आधार देणारा. जवळून दिसते केवळ कुंचल्याचे टोक, बुबुळाच्या कडेशी टेकलेले, आणि रेघ ओढताना क्षणभर थांबलेला श्वास. या तिसऱ्या दृश्याला निवेदनाची गरज उरत नाही.

कारखान्यात ट्यूबलाइट असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने जुन्या धर्तीच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की चित्रात पट्टे येत नाहीत. मुख्य चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचे असेल तर पूरक दृश्येही ३० फ्रेमचीच घ्यावीत. अपवाद संथ गतीचा : ६० फ्रेमने टिपलेले दृश्य निम्म्या वेगाने लावले तर ते गचके न खाता चालते. मोबाइल आडवा की उभा हेही आधीच ठरवावे, कारण आडव्या चौकटीत उभे दृश्य बसवताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात किंवा निम्म्याहून अधिक चित्र कापले जाते.

ॲपमध्ये पहिले काम आवाजाचे. काइनमास्टरमध्ये मुलाखत मुख्य टाइमलाइनवर ठेवून, नको ते कापून, बोलण्याचा क्रम आधी पक्का करावा. चेहरा उड्या मारत असला तरी या टप्प्यावर हरकत नाही. डोळे मिटून ऐकले की बोलणे पुरे वाटले पाहिजे. त्यानंतर टाइमलाइनवरची उभी रेघ योग्य शब्दापाशी आणून ‘लेयर’मधून ‘मीडिया’ निवडावा. तुकडा मुख्य चित्रावर लहान चौकटीसारखा उतरतो. तो ताणून संपूर्ण पडदा व्यापेल असा करावा, कडेला खालचा चेहरा डोकावू नये. मग दोन्ही टोके ओढून लांबी ठरवावी. आयफोनवरच्या आयमूव्हीत याच कामाला ‘कटअवे’ असा वेगळा पर्याय आहे.

नवशिक्यांची नेहमीची चूक इथेच होते : पूरक तुकडा लेयरवर न ठेवता मुख्य टाइमलाइनमध्येच घुसवला जातो. मग मूर्तिकाराचे वाक्य दोन भागांत फाटते आणि मधे अवघडलेली शांतता येते.

लेयरवरच्या तुकड्याचा स्वतःचा आवाजही असतो. तो सरसकट बंद करू नये. माती थापटल्याचा आवाज अगदी मंद ठेवला तर बोलण्याखाली कारखाना जिवंत राहतो. कोणाची कुजबुज किंवा पंख्याची घरघर असेल तर मात्र शून्यावर न्यावा.

दृश्य कुठे सुरू करायचे याला कानाचाच आधार. ‘साचा’ हा शब्द उच्चारला त्याच क्षणी साचा, ‘रंग’ म्हटले की रंग, अशी मांडणी बालवाडीच्या चित्रतक्त्यासारखी होते. शब्दाच्या किंचित आधी किंवा नंतर दृश्य आले की ओघ राहतो. साचा उघडल्याचा आवाज आधी ऐकू येऊन दृश्य मागून येणे याला जे-कट म्हणतात; चित्र बदलल्यावरही आधीच्या दृश्याचा आवाज पुढे रेंगाळला तर तो एल-कट. शिवाय सगळे बोलणे झाकू नये. मूर्तिकार वडिलांकडून कला शिकल्याचे सांगताना गहिवरला, तर त्या वेळी पडद्यावर त्याचाच चेहरा हवा.

स्वतःचे चित्रण अपुरे पडल्यास पेक्सेल्स, पिक्साबे यांसारख्या संग्रहांतून विनामूल्य वापराची परवानगी असलेली दृश्ये मिळतात. पावसाचे ढग किंवा समुद्र यांसाठी ती चालतात. पेणच्या कारखान्यासाठी नाही. दुसऱ्याच्या वाहिनीवरचे दृश्य उचलून खाली श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. समीक्षा किंवा वृत्तांकन यांसाठी कायद्यात सवलत आहे, सजावटीसाठी नाही.

जागेचाही हिशेब लागतो. आयफोनवर एचईव्हीसी स्वरूपात, सेकंदाला ३० फ्रेमचे एक मिनिट १०८०पी दर्जात सुमारे ६० एमबी घेते, ४के दर्जात १७० एमबी. वीस मिनिटांच्या कच्च्या चित्रणात हा फरक १.२ जीबी आणि ३.४ जीबी इतका होतो. ४केचा फायदा असा की १०८०पी प्रकल्पात ते दृश्य दुप्पट मोठे केले तरी धूसर होत नाही, म्हणून आखणीसारखी जवळची दृश्ये तेवढी ४केमध्ये घ्यावीत. काम संपेपर्यंत मूळ फायली गॅलरीतून पुसू नयेत. ॲप त्यांच्याकडेच बोट दाखवत असते, आणि त्या गेल्या की टाइमलाइनवर रिकामी चौकट उरते.

निर्यात करण्यापूर्वी व्हिडिओ आवाज बंद करून एकदा पाहावा. दोन पूरक दृश्यांच्या मधे एक-दोन फ्रेमची फट राहिली असेल तर खालचा चेहरा विजेसारखा चमकून जातो. आवाज चालू असताना ही चमक सहज निसटते. ती दिसली की टाइमलाइन दोन बोटांनी ताणून मोठी करावी आणि मागच्या तुकड्याचे टोक पुढच्याला भिडवावे.