पेटी विलायतेला निघाली; कर कोणी भरायचा?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि मोठा गदारोळ झाला. त्या निमित्ताने का होईना, आपल्या कारागिरांचे नाव जगाने घेतले. आता मोबाईलवरून लंडनचे गिऱ्हाईक थेट गल्लीतल्या कारागिराला विचारते, "दोन जोड पाठवाल का?" आनंदाची गोष्ट आहे. पण पेटी बांधण्याआधी एक हिशेब मांडावा लागतो आणि तो मांडायला आपली माणसे विसरतात.

आमच्याकडे येणाऱ्या बचतगटाच्या भगिनी विचारतात, "दादा, माल इथे केला, इथेच विकला, मग कर इथलाच ना?" नाही. खपाचा कर माल जिथे वापरला जातो त्या देशाचा असतो. अडीच हजार रुपयांपर्यंतची जोडी कोल्हापुरात विकली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ५ टक्के जीएसटी आहे. तीच जोडी निर्यात केली तर आपल्या कायद्यात तिला 'शून्य दर' लागतो. मात्र त्यासाठी 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' नावाचे हमीपत्र दर वर्षी ऑनलाईन भरावे लागते. ते न भरल्यास आधी कर भरून मग परताव्याची वाट पाहावी लागते. याशिवाय आयात-निर्यात कोड हवा. तो पॅनकार्डावर निघतो आणि त्याची फी ५०० रुपये आहे. एजंटाला हजारो रुपये देण्याचे काही कारण नाही. परदेशी विक्री कायद्याने आंतरराज्य विक्री मानली जाते, म्हणून उलाढाल चाळीस लाखांच्या आत असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. हस्तकलेच्या काही मालाला यात सवलत आहे. आपला माल तीत बसतो का, हे कर सल्लागाराला आधीच विचारून घ्यावे.

इथवरचे तसे सोपे. खरी अडचण पलीकडच्या काठावर आहे.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. पेटीतल्या मालाची किंमत १३५ पौंडांपर्यंत असेल तर तिथला व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा, सीमेवर नाही. चपलेवर तो २० टक्के आहे. समजा जोडी ४० पौंडांची आणि टपालखर्च २० पौंड. व्हॅट दोन्ही मिळून ६० वर लागतो, म्हणजे १२ पौंड. गिऱ्हाईकाने ७२ द्यायचे. पण १३५ ची मर्यादा मोजताना बिलात वेगळा दाखवलेला टपालखर्च धरत नाहीत. इथे भलेभले गोंधळतात.

हे १२ पौंड भरणार कोण? एट्सी, अ‍ॅमेझॉनसारख्या ऑनलाईन बाजारातून विकले तर तो बाजारच वसूल करून भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन थेट पाठवले तर ब्रिटनमध्ये व्हॅट नोंदणी विक्रेत्यानेच करायची, आणि तीही पहिल्या विक्रीपासून. तिथल्या दुकानदाराला ९० हजार पौंडांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, आपल्याला नाही. आमच्या मते हा लहान कारागिरावर अन्याय आहे, पण आज नियम तसा आहे. म्हणून वर्षाला पाच-पन्नास जोड विकणाऱ्याने बाजाराचे कमिशन सोसलेले परवडते.

मर्यादा पेटीची आहे, जोडीची नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाने ४० पौंडांच्या चार जोड एकाच पेटीत घातल्या. झाले १६० पौंड! मग व्हॅट सीमेवर, वर जकात आणि वाहतूक कंपनीचे शुल्क. गिऱ्हाईकाला यातले काहीच सांगितलेले नव्हते. त्याने पैसे भरायचे नाकारले आणि पेटी परत आली. जाण्याचे भाडे बुडाले, आणि चामडे शिवणाऱ्या बाईची मजुरी महिनाभर अडकली.

अशा वेळी कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "फॉर्मवर 'भेट' लिहा." लिहू नका. भेटीची सूट ३९ पौंडांपर्यंत आहे आणि ती एका माणसाने दुसऱ्याला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला आहे. विकलेला माल भेट होत नाही. शिवाय बँकेत पौंड जमा झालेले असतात, आणि टपालाचा कागद वेगळेच सांगतो. किंमत कमी लिहिली तर पेटी हरवल्यावर भरपाईही तेवढीच मागता येते.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बावीस युरोंची जुनी सूट गेली. दीडशे युरोंपर्यंतचा व्हॅट विक्रीच्या वेळी भरण्याची तिथे एक सामाईक व्यवस्था आहे, पण भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी तिथला मध्यस्थ नेमावा लागतो. दरही देशागणिक वेगळे, जर्मनीत १९ तर आयर्लंडमध्ये २३ टक्के.

अमेरिकेचा अनुभव ताजा आहे. तिथे ८०० डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय जाई. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ ला सर्व देशांसाठी बंद झाली. जकात गोळा कशी करायची याचाच पत्ता नव्हता, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सले घेणे थांबवले. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती जकात बुकिंगच्या वेळीच पाठवणाऱ्याकडून घेण्याच्या अटीवर. दर बदलत असतात. पाठवण्याच्या दिवशी काउंटरवर विचारूनच गिऱ्हाईकाला किंमत सांगावी.

टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. निर्यातीचे टपाल बिल तिथे ऑनलाईन भरून मिळते. जाताना बिलाच्या दोन प्रती, आयात-निर्यात कोड आणि गिऱ्हाईकाचा फोन नंबर सोबत ठेवावा. आणि 'व्हॅट किंमतीत धरला आहे' की 'तो तुम्ही तिकडे भरायचा आहे', हे एक वाक्य पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला लेखी कळवावे.