पाकिटातील मानधन

आमच्या परिचयातील एक निवृत्त मुख्याध्यापक गेल्या वर्षी पंचाहत्तर वर्षांचे झाले. प्रकृती ठणठणीत, वाणी स्पष्ट. त्यामुळे एका शिक्षणसंस्थेने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले, दरमहा १५,००० रुपये मानधन ठरवले. यंदा विवरणपत्राचे दिवस आले तेव्हा मी सहज विचारले, "सर, कागद जमवलेत का?" ते हसून म्हणाले, "भाऊसाहेब, पंचाहत्तरी उलटली की विवरणपत्र भरावे लागत नाही. शिवाय मानधन हा सन्मान आहे. सन्मानावर कसला कर?"

बँकेच्या नोकरीत ही दोन्ही वाक्ये मी अनेकदा ऐकली आहेत, आणि ती बोलणारी माणसे बहुधा अत्यंत सज्जन असतात.

पंचाहत्तरीची सवलत खरी आहे, पण फार अरुंद आहे. ज्यांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील व्याज एवढेच आहे, ज्यांनी त्या बँकेला तसे घोषणापत्र दिले आहे आणि ज्यांचा कर बँकेनेच कापला आहे, त्यांनाच ती मिळते. मानधनाचा एक रुपया आला की ते दार बंद होते. मानधन हा शब्द कितीही गोड असला, तरी आयकर कायद्याला तो ओळखीचा नाही. तो फक्त विचारतो, ही नोकरी आहे की व्यवसाय? नियुक्तिपत्र, ठरावीक वेळ, रजा, वरिष्ठांचे नियंत्रण असेल तर तो पगार. आपल्या ज्ञानाचा मोबदला म्हणून ठरलेले शुल्क असेल तर व्यवसायाचे उत्पन्न. सरांचे पत्र दुसऱ्या प्रकारचे होते. संस्थेने कलम १९४जे खाली १० टक्के, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये कापून भरले होते. सरांना वाटले, कर कापला म्हणजे विषय संपला. वस्तुतः कापलेली रक्कम ही आगाऊ जमा असते. अंतिम हिशेब विवरणपत्रातच होतो.

तो हिशेब आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून मांडला. २०२५-२६ या वर्षाचे निवृत्तिवेतन ६,००,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ५,२५,००० उरले. मुदत ठेवींचे व्याज १,१०,०००. ज्येष्ठांसाठी व्याजावरील कपातीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून एक लाख झाली. सर ती थोडक्यात ओलांडून गेले आणि बँकेने ११,००० रुपये कापले. वर्षारंभी १५एच नमुना दिला असता तर हे टळले असते. शुल्कावरील कपातीसाठी मात्र तो नमुना चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

आता मानधन लिहायचे, तोच सर थबकले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणखी एक आहे. गावातला एक शिकवणी वर्ग महिन्याला तीन हजारांचे पाकीट देतो. रोख. पावती नाही, कपात नाही. ते कोठे लिहायचे?" मी विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहितीपत्रक उघडून पाहिले. पाकिटाची नोंद अर्थातच तेथे नव्हती. पण पत्रकात दिसत नाही म्हणून ते उत्पन्न नाही, असे होत नाही. ते पत्रक इतरांनी आपल्याविषयी काय कळवले हे सांगते. आपण काय कळवायचे ते आपल्यावर असते.

मी काही बोलण्याआधी सरच म्हणाले, "पाठशाळेत मुलांना अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ करून घेतो. त्यात विरुद्धराज्यातिक्रम आहे. तो मी व्यापाऱ्यांसाठी समजत होतो." आणि त्यांनी वहीत बारा पाकिटांचे ३६,००० रुपये लिहिले.

मानधन आणि पाकिटे मिळून २,१६,०००. प्रवास, छपाई, पुस्तके यांचा प्रत्यक्ष खर्च १६,०००. एकूण उत्पन्न झाले ८,३५,०००. त्यावर कर येतो २३,५००. परंतु नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट असल्याने देय कर शून्य. कापलेले २९,००० रुपये परत मिळणार! पाकिटे लपवून सरांचा एक पैसाही वाचला नसता, आणि विवरणपत्रच न भरते तर २९,००० गेले असते. कर शून्य असला तरी उत्पन्न मूळ सूटमर्यादेहून, म्हणजे नव्या प्रणालीत ४ लाखांहून, अधिक असल्याने विवरणपत्र बंधनकारकच होते. विलंबित विवरणपत्राची वाट ३१ डिसेंबरला बंद होते, आणि त्यानंतरच्या अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही.

नमुना निवडताना 'सहज' हे नाव पाहून अनेक जण फसतात. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यास तो चालत नाही. प्रत्यक्ष खर्च वजा करायचा म्हणून आम्ही नमुना ३ घेतला.

ज्यांचे निवृत्तिवेतन मोठे आहे त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम कर भरावा लागत नाही. शुल्काचे उत्पन्न आले की ही मुभा जाते, आणि कपात वजा जाता देय कर १०,००० किंवा अधिक असेल तर हप्ते भरावे लागतात. दुसरे, केवळ निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी जुनी किंवा नवी प्रणाली निवडता येते. व्यवसाय असणाऱ्याला जुनीसाठी १०-आयईए नमुना मुदतीत द्यावा लागतो, आणि एकदा नवीकडे परतल्यावर व्यवसाय सुरू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे.

विवरणपत्र दाखल केले आणि आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक घालून लगेच पडताळणीही केली. तिला ३० दिवसांचीच मुदत असते आणि ती राहिली तर सारी मेहनत व्यर्थ. उठताना सर म्हणाले, पुढच्या महिन्यापासून शिकवणी वर्गाला पावती द्यायची. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक मीच नेऊन दिले.