मीटिंगपर्यंतचा रस्ता

संपादकांनी सांगितलं, व्यसनमुक्तीवर लिहा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठी वाचकाला चांगलं ठाऊक आहे, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. मला मात्र त्याहून लहान गोष्टीचं कुतूहल होतं. दारू सोडायचं आज दुपारी ज्याच्या मनात आलं, तो संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे 'एए'च्या मीटिंगला पोचतो कसा?

एएचा जन्मच अशा शोधातून झाला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या लोकांना विचारत सुटला: माझ्यासारखा एखादा दारुडा इथे आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच एएचा स्थापनादिवस मानतात. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये रुजली.

मुंबईत एएच्या हेल्पलाइनवर संध्याकाळी बसणाऱ्या एका निवृत्त फिटरला सगळे काका म्हणतात. नाव छापायचं नाही, हा एएचा नियम. काकांसमोर एक फोन आणि एक जाड वही असते. कुठल्या भागात कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या भाषेत मीटिंग भरते ते त्या वहीत आहे, आणि त्यापुढे त्या भागातल्या सदस्यांचे नंबर. फोन आला की ते नाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत. "आज घेतलीय का? रोज किती? हात थरथरतात का? कधी फिट आली होती?" आधी हे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तसा संशय आला की काका मीटिंगचं नाव काढत नाहीत. "आधी दवाखाना. मीटिंग कुठे पळून जात नाही."

मग दुसरा प्रश्न: "स्टेशन कुठलं?"

इथेच मी अडकले. काका नुसता पत्ता देऊन फोन ठेवत नाहीत. जवळच्या सदस्याला गाठतात आणि नवख्याला सांगतात, तिकीट खिडकीपाशी अमुक रंगाच्या शर्टातला माणूस उभा असेल. "पत्त्यावर कोणी पोचत नाही हो ताई," ते म्हणाले. "फाटकापर्यंत येतात, आत चार माणसं दिसतात, आणि वळतात. परतीच्या वाटेवर बार असतोच."

मीटिंग भरते शाळेच्या वर्गात, नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये. 'क्लोज्ड' मीटिंगला फक्त दारूचा प्रश्न असलेलेच बसतात. मी 'ओपन' मीटिंगला गेले. लहान मुलांच्या बाकांत मोठी माणसं कशीबशी बसलेली. एकेक जण उठून 'शेअरिंग' करतो, म्हणजे आपला अनुभव सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. फी नाही. चहा-भाड्यासाठी सदस्यच वर्गणी टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच प्रवेशाची अट. आणि हे नुसतं श्रद्धेवर चालत नाही: वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

तरी काळजी वाटते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. गुप्ततेचा जो नियम माणसाला सांभाळतो, त्याच्यामुळेच मीटिंगची जागा सहज नजरेस पडत नाही. वर्ग बदलतो, ग्रुप बंद पडतो, आणि इस्पितळाच्या भिंतीवरची यादी जुनीच राहते.

पिणाऱ्याच्या बायकोचा फोन येतो तेव्हा काकांचा आवाज उतरतो. "त्यांनाच फोन करायला सांगा," एवढंच त्यांना म्हणता येतं, कारण ओढून आणलेला माणूस टिकत नाही. तिच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट. पण नवरा पितो आणि मीटिंगला मी जायचं, हे तिला फोनवर पटवणं अवघड.

पिणारी बाईच फोन करते तेव्हा आणखी अवघड. स्टेशनवर उभं राहायला बाईच हवी, आणि वहीत बायकांचे नंबर थोडे. काही जणी ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसतात. घरात तेवढा एकांत असेल तरच.

आणि तालुक्याच्या पलीकडचं गाव. तिथून फोन आला की काका सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन सांगतात, जिल्ह्याच्या ठिकाणची मीटिंग सांगतात. पण रात्री साडेआठला सुटणाऱ्या मीटिंगनंतर परतीची एसटी नसते. "दोघं जमले तरी ग्रुप होतो," काका म्हणाले, आणि अ‍ॅक्रनमध्ये तसंच झालं होतं. पण त्या गावात आपणही पितो आणि सोडायचीय, असं उघड म्हणणारा दुसरा माणूस कोण शोधणार? तिथून फोन करणाऱ्या एका माणसाला काकांनी स्वतःचा नंबर दिलाय. रोज रात्री नऊला त्याने फोन करायचा, असं ठरलंय. आठवड्यातून दोन-तीनदा तो करतो.