घटस्फोटाची नोंद कोठे शोधावी?

कोलकात्यातील बागबाजारमध्ये माहेरी परतलेल्या महिलेला पुनर्विवाहासाठी घटस्फोटाचा पुरावा हवा असेल, तर महापालिकेचे दप्तर उपयोगी पडत नाही. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये घटस्फोटाला स्थान नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हीच त्याची नोंद होय.

हे न्यायालय कोणते, हाच खरा प्रश्न. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ नुसार विवाहाचे ठिकाण, प्रतिवादीचे निवासस्थान किंवा दांपत्याचे अखेरचे एकत्र वास्तव्य यांवरून ते ठरे. पत्नीला स्वतःच्या निवासस्थानी अर्ज करण्याची मुभा २००३ च्या दुरुस्तीने मिळाली. लग्न व संसार दोन्ही दूरच्या खेड्यात झाले असतील, तर त्यापूर्वी तिने केलेल्या अर्जाचा कागद बहुधा त्या जिल्ह्याच्या न्यायालयातच सापडतो. हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते. ती हरवल्यास नक्कल विभागाकडे अर्ज करावा लागतो.

बंगालमध्ये मुस्लिम विवाह व तलाक यांच्या ऐच्छिक नोंदणीसाठी १८७६ चा कायदा आहे.

रूढीने होणाऱ्या घटस्फोटाची, म्हणजे आपल्याकडील काडीमोडीची, गोष्ट निराळी. कलम २९ ने ती वैध ठरविली. परंतु तिचा हुकूमनामा नसतो. वाद उद्भवल्यास रूढी सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावरच पडतो, आणि जातीतील साक्षीदार वृद्ध पंच तोवर हयात असतीलच असे नाही.