जिन्यावरचा दिवा आणि संगणकाची बेरीज

वसतिगृहाच्या जिन्यावर दिवा एक, बटणे दोन. खालून लावलेला दिवा वरून मालवता येतो. ही जोडणी ज्याला उमगली त्याला संगणकाचे निम्मे मर्म उमगले, असे मी इतिहासाचा शिक्षक असूनही म्हणतो. कारण ‘संगणकाचे ज्ञान आमच्या मुलांच्या आवाक्यातले नाही’ हे वाक्य मी पालकांकडून फार वेळा ऐकले आहे.

या ज्ञानाचा पाया घातला तो जॉर्ज बूल हा इंग्लंडमधील लिंकन येथील एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पायरी न चढता तो स्वाध्यायाने शिकला आणि १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक झाला. १८५४ च्या ग्रंथात त्याने सत्याला १ व असत्याला ० मानून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचे बीजगणित मांडले. हेच बीजगणित विजेच्या जोडण्यांना लागू पडते, हे १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने दाखविले. दोन बटणे एकामागे एक जोडली, तर दोन्ही दाबल्यावरच प्रवाह वाहतो, हा ‘आणि’. कसाऱ्याला सांधे नीट बसले आणि पुढचा रूळ मोकळा असला, तरच गाडीला सिग्नल मिळतो, न्याय तोच.

आता बेरीज. संगणकाजवळ ० व १ हे दोनच अंक. एक अधिक एक म्हणजे दोन. ते ‘१०’ असे लिहावयाचे, एककात शून्य व हातचा एक. हातचा देणारी जोडणी ‘आणि’ची. एककाचा अंक देणारी जोडणी मात्र आपल्या जिन्याचीच! दोहोंपैकी एकच बटण दाबलेले असेल तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. अशा जोडण्यांची साखळी केली की कितीही मोठी बेरीज होते. गुणाकार ही तर पुनःपुन्हा केलेली बेरीजच.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० साली सुरू झाले. त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिले. त्यात बटणांचे काम सुमारे २,७०० निर्वात नळ्या करीत. स्मरणासाठी बारीक चुंबकी कड्या होत्या: एका दिशेने चुंबकत्व म्हणजे १, उलट दिशेने ०, एका संख्येस चाळीस कड्या. आज मोबाइलमधील नखाएवढ्या चकतीवर अब्जावधी ट्रान्झिस्टर तेच काम करतात.

दोन दुहेरी बटणे, दोन दिवे व एक बॅटरी घेऊन ही बेरीज आठवीतील मुलामुलींनाही जुळविता येते. पालकांनी प्रयोगशाळेत येऊन ती बटणे स्वतः दाबून पाहावीत.