नोंदवहीचा क्रमांक आणि चौकटी कंस

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात दाखलखारीज नोंदवही असते. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याला तिच्यात जो क्रमांक मिळतो, तो कायमचा त्याचा होतो. समुद्रपूर तालुक्यातील खेड्यांतून वसतिगृहात आलेली मुले पुढे पुण्या-मुंबईस गेली, तरी जातपडताळणीच्या वेळी त्याच एका ओळीच्या उताऱ्यासाठी परत येतात. क्रमांक ठाऊक असला की लिपिकाला वही चाळावी लागत नाही. हीच सोय आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमला कशी द्यावी, ते येथे मांडत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही पायथॉन ही भाषा घेतो. गिदो व्हान रोसम यांनी ती 1991 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. समजा, आपण ‘नोंदवही’ नावाचा क्लास रचला. (‘वर्ग’ म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना इयत्ता आठवते, म्हणून क्लास हाच शब्द बरा.) नोंदवही[57] असे लिहिताच पायथॉन त्या क्लासमध्ये ‘गेटआयटेम’ या नावाचे फंक्शन शोधते, नावाच्या मागेपुढे दोन-दोन अधोरेषा हव्यात. ते नसेल तर टाइपएरर येतो. असेल तर कंसातील 57 त्याच्या हाती दिला जातो व ते जे परत करील तेच उत्तर ठरते. चौकटी कंसात याहून अधिक जादू नाही.

खरी जोखीम आत आहे. नोंदी साध्या यादीत ठेवल्या तर यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून क्रमांकातून एक वजा करावा लागतो. आता लिपिकाच्या हातून शून्य टंकले गेले, तर उरतो उणे एक. आणि पायथॉनमध्ये उणे एक म्हणजे यादीतील शेवटची नोंद! कोणतीही सूचना न येता नुकत्याच दाखल झालेल्या मुलाची जात व जन्मतारीख दुसऱ्याच्या उताऱ्यावर उतरेल. म्हणून यादीऐवजी डिक्शनरी घ्यावी आणि दाखलखारीज क्रमांक हीच तिची किल्ली करावी. नसलेला क्रमांक विचारला की ती कीएरर देऊन थांबते. आमच्या मते चुकीच्या उत्तरापेक्षा हा नकार शतपटीने बरा.

सर्व नोंदींवरून फेरी मारायची असल्यास ‘इटर’ हे फंक्शनही त्याच अधोरेषांसह लिहावे. ते नसले तर पायथॉन 0, 1, 2 असे क्रमांक स्वतःच विचारत जाते आणि इंडेक्सएरर आला की फेरी संपली असे मानते. आपल्या वहीत शून्य क्रमांकच नाही. त्या ठिकाणी कोणी कीएररऐवजी इंडेक्सएरर दिला, तर छापील यादीत एकही विद्यार्थी येणार नाही.

नोंद बदलण्यासाठी ‘सेटआयटेम’ असते. ते आम्ही हेतुपुरस्सर लिहीत नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून कागदी वहीतील जातीची वा जन्मतारखेची नोंद बदलता येत नाही. मग नोंदवही[57] ला नवे मूल्य देऊ पाहणाऱ्यालाही टाइपएररच मिळावा. मात्र परत दिलेली ओळ यादी असेल, तर ती बाहेरून बदलता येते. म्हणून ती ट्युपलच्या रूपात द्यावी.